चौदा पानी बेत आणि खांदेरी

स्पीडबोटीचा पहिला अभ्यासक्रम पार पडला तेव्हा भावोजींना बोट जेटीला लावता येऊ लागली होती आणि जेटीपासून सोडवताही. या दोन्हींच्या मधल्या समुद्राचं काय करायचं, हा दुसऱ्या पायरीचा विषय. त्यासाठी सरांनी सफर नेमून दिली: गेटवेपासून खांदेरी, बेटाला वळसा आणि मांडव्याला मुक्काम. सर नौदलातून निवृत्त झालेले. ‘बघू’ हा शब्द त्यांना ऐकू येत नसे.

गेटवे ते खांदेरी म्हणजे जवळजवळ सरळ दक्षिणेला साधारण १३ सागरी मैल. एवढ्या अंतरासाठी भावोजी जमिनीवर चप्पलसुद्धा बदलत नाहीत. समुद्रासाठी मात्र त्यांनी चौदा पानांचा बेत केला आणि पान न् पान लॅमिनेट केलं.

हसू येतं खरं, पण त्यात अर्थ आहे. २० नॉट वेगाने बोट तीन मिनिटांत एक सागरी मैल कापते, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. भावोजींना चष्मा सापडेपर्यंत बोट एक अख्खी वाडी ओलांडून जाते. शिडाच्या होडीत नकाशा पसरून विचार करायला फुरसत असते. इथे पट्टी, कर्कटक आणि डोकं ही तिन्ही घरच्या टेबलावर वापरून यायचं.

टेबलावर पहिला वाद भरतीचा. भावोजींनी छापील तक्ता उघडला तोवर ताईने भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं. “एकादशी. अकराची पाऊणपट, भरती सव्वाआठला.” तक्ता दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने तेच म्हणत होता, भावोजींनी ती दहा-पंधरा मिनिटं पुन्हा पुन्हा सांगितली. म्हणजे ओहोटी साधारण अडीचपर्यंत. जाताना ओहोटीचं पाणी सोबत, येताना भरतीचं घ्यावं, तर निघायला दुपार करायला हवी. पण दुपारी वायव्येचा खारा वारा उठतो आणि लाटा उभ्या राहतात. ओहोटी म्हणते थांब, वारा म्हणतो पळ. सरांनी निकाल दिला: तुमच्या वेगाला दीड-दोन नॉटचा प्रवाह किरकोळ, लाटा मात्र कंबर मोडतात. बाराच्या आत मांडवा.

पेट्रोलचे तीन भाग: जायला एक, यायला एक, राखीव एक. ताईने हाच नियम साबुदाणा वड्यांना लावला.

भावोजींना खांदेरी आणि शेजारचं उंदेरी बेट यांच्या मधून जायचं होतं. त्यांनी इतिहास काढला. १६७९ साली खांदेरीची तटबंदी चालू असताना इंग्रजांची जड जहाजं बाहेर राखण करत होती आणि मराठा आरमारातल्या मायनाक भंडाऱ्याच्या माणसांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद घेऊन आत जात होत्या. सर शांतपणे म्हणाले, “त्यांच्या होड्यांना प्रोपेलर नव्हता.” आम्ही बाहेरून जायचं ठरलं.

सकाळी निघालो. बंदराच्या तोंडाशी कंटेनरचं एक जहाज दिसलं. “उभंच आहे,” भावोजी म्हणाले. सरांनी त्यांना होकायंत्रावरून जहाजाची दिशा बघायला लावली. दोन मिनिटांनी पुन्हा. दिशा तीच, जहाज मोठं. “दिशा बदलत नाही आणि अंतर घटतंय, याला टक्कर म्हणतात.” आम्ही वेग कमी करून त्याच्या पाठीमागून गेलो.

पुढे होकायंत्र एकाएकी भलतंच बोलू लागलं. आमच्या मते आम्ही दक्षिणेला चाललो होतो, पण किनारा तसा चालला नव्हता. तपासात निघालं की भावोजींनी भावगीतांसाठी आणलेला स्पीकर होकायंत्राला टेकून ठेवला होता. त्यातलं लोहचुंबक सुईला आपल्याकडे ओढत होतं. स्पीकर मागच्या बाकावर गेला, आणि त्याबरोबर गाणंही.

थळसमोर एका मचव्यातून हाक आली, “ओ शेठ, जालं हाय जालं!” नकाशात, जीपीएसमध्ये, चौदा पानांत कुठेच नसलेली जाळी समोर थर्मोकोलच्या तुकड्यांवर तरंगत होती. तांडेलाने हातानेच बाहेरची वाट दाखवली. भावोजी त्याला अक्षांश विचारणार होते. ताईने त्यांचा हात खाली केला.

खांदेरीचं दीपगृह जवळ आलं आणि सरांनी इंजिन बंद केलं. “बिघडलं. बोला.”

भावोजींनी नववं पान काढलं. चॅनल १६. तटरक्षक दल, १५५४. आसऱ्याची ठिकाणं: मांडवा, थळ, अलिबाग.

“अलिबागला आत्ता ओहोटी आहे,” सर म्हणाले. “थोड्या वेळाने लोक घोडागाडीत बसून कुलाबा किल्ल्यात जातील. तुम्ही बोटीला घोडा जुंपणार?”

एवढ्यात बोट हळूहळू खडकांकडे सरकू लागलेली. “नांगर!” भावोजी ओरडले आणि त्यांनी तो उचललाही.

“टाकण्याआधी दोराचं दुसरं टोक दाखवा.”

सगळे शोधू लागले. टोक सापडलं ते वड्यांच्या डब्याखाली, कशालाही न बांधलेलं. ताईने ते खुंटीला बांधलं, दोनदा ओढून पाहिलं आणि विचारलं, “हे कुठल्या पानावर आहे?”

नांगर लागला, दोर ताणला, बोट थांबली. भावोजी पेन्सिल शोधत होते तोच वायव्येकडून पहिली झुळूक आली. बेतात ती बाराची होती. घड्याळात अकरासुद्धा वाजले नव्हते. नांगर वर घेतला. लाटा डाव्या कुशीवर घेत, मधूनमधून वेग आवरत आम्ही मांडव्याला लागलो तेव्हा पेट्रोलचा राखीव भाग टाकीत शाबूत होता. वड्यांचा राखीव भाग सरांनी धक्क्यावर उभ्याउभ्या संपवला.