तंत्रस्नेही संशोधक घडवण्याची सोपी कृती

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचेही प्रशिक्षण घ्यायचे असते. शिवाय आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरिअल, प्रयोगशाळा, तपासणी ही कामे त्याच्यावर सोपवता येतात. अध्यापन म्हटले की तंत्रज्ञान आलेच. तेव्हा विभागप्रमुखांच्या सोयीसाठी संशोधकांच्या तंत्रज्ञान-कार्यशाळेची कृती पुढे देत आहोत. ती मार्चअखेरीस, निधी परत जायच्या बेतात असताना, विशेष चांगली साधते.

१. फ्लेक्स : विषय ठरण्याआधी फ्लेक्स छापावा. त्यावर 'आव्हाने आणि संधी' हे शब्द आले की विषय आपोआप ठरतो. डिझाइन एखाद्या संशोधक विद्यार्थ्याकडून रात्री अकरा वाजता करून घ्यावे. सकाळी त्याच फ्लेक्सखाली बसवून त्याला संगणकाची ओळख करून द्यावी.

२. तज्ज्ञ : साधनव्यक्ती ज्येष्ठ असावी. दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय एवढे झाल्यावर प्रोजेक्टर सुरू होत नाही. घाबरू नये. 'अगं, जरा बघ गं' असे म्हणून पहिल्या रांगेतल्या विद्यार्थिनीला उठवावे. सरांच्या नव्या लॅपटॉपला व्हीजीएची जागाच नाही हे ती एका नजरेत ओळखते, सॅकमधून स्वतःचा कन्व्हर्टर काढते, विंडोज आणि पी दाबते आणि पडदा उजळतो. टाळ्या पडतात, सर त्या नम्रपणे स्वीकारतात. मग 'प्रोजेक्टरची जोडणी' हे पहिले सत्र त्यांनी तिलाच शिकवावे.

३. फॉन्ट : हा टप्पा मराठी विभागांसाठी. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, ही बातमी अनेक कपाटांपर्यंत पोचलेली नाही. जुन्या फॉन्टातली स्लाइड वर्गातल्या संगणकावर उघडली की 'ज्ञानेश्वरी'च्या जागी डॉलर, कंस आणि इंग्रजी अक्षरांची दिंडी निघते. सरांच्या अठरा वर्षांच्या नोट्स संशोधकाकडून युनिकोडात टाइप करून घ्याव्यात आणि ते तास 'अध्यापन अनुभव' म्हणून धरावेत.

४. फोटो : नॅकच्या फायलीला अक्षांश-रेखांशांसह फोटो लागतो. सर्वांनी पडद्याकडे पाहावे. पडद्यावर काय आहे याला महत्त्व नाही, उजेडामुळे ते फोटोत पांढरेच येते.

५. प्रतिसाद : गूगल फॉर्म भरल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये. 'कार्यशाळा कितपत उपयुक्त वाटली?' या प्रश्नाला तीन पर्याय असावेत : खूप, अतिशय, अत्यंत.

पथ्य : प्रशिक्षित विद्यार्थ्याला प्रत्यक्ष वर्गावर पाठवून मागच्या बाकावर कुणी बसू नये. त्यातून भलतेच काही दिसते. एका विभागात असा प्रकार घडला. कन्व्हर्टरवाल्या त्याच विद्यार्थिनीकडे एम.ए.च्या वर्गाचा 'बोली आणि प्रमाणभाषा' हा तास होता. तिने प्रोजेक्टर लावलाच नाही. 'मी येत आहे' हे वाक्य तुमच्या घरी कसे म्हणतात, ते प्रत्येकाने फोनवर घरच्यांकडून वदवून रेकॉर्ड करून आणा, एवढेच आदल्या दिवशी सांगितले. वर्गात एकेक आवाज वाजू लागला. नागपूरची आजी म्हणाली, 'येऊन राहिली.' लातूरचे वडील म्हणाले, 'यायलोय.' कोल्हापूरच्या काकू दारातूनच ओरडल्या, 'आलो, आलो!' आधी हशा पिकला, मग बाई 'आलो' कशी म्हणते यावरून भांडण जुंपले, आणि लिंग, काळ, क्रियाव्याप्ती यांनी फळा भरून गेला. तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही.

चौकशीत असे आढळले की या तासाला फ्लेक्स नव्हता, अक्षांश नव्हते, फॉर्मही नव्हता. सबब तो अहवालात घेता आलेला नाही. सदर विद्यार्थिनीला अधिक प्रशिक्षणाची गरज असल्याने पुढच्या कार्यशाळेला तिची उपस्थिती अनिवार्य केली आहे. येताना कन्व्हर्टर आणावा.