धरणाच्या नावातले दोन एल

इंग्रजी शब्दाच्या आरंभी एकच व्यंजन जोडीनं येत नाही, असा नियम कुणी भोरच्या पोरांना शिकवू लागलं तर त्यांनी सरळ भाटघरकडे बोट दाखवावं. वेळवंडी नदीवरचं ते धरण इंग्रजांच्या दप्तरी ‘लॉइड डॅम’. 1918 ते 1923 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या जॉर्ज लॉइडसाहेबांचं हे नाव, आणि त्याची सुरुवात एल, पुन्हा एल. मुळात नाव वेल्श. इंग्रजीनं ते स्पेलिंगसकट ठेवून घेतलं. एक एल उच्चाराला, दुसरा बहुधा पाणी अडवायला. पुढे जलाशयाला येसाजी कंकांचं नाव मिळालं. भोरकर मात्र आधीही भाटघरच म्हणत होते आणि आताही तेच म्हणतात, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

अडतं ते शाळेत. पूर्वी इंग्रजी पाचवीत भेटायची. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीत आली आणि वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांतूनही ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ सुरू झालं. मांजरापर्यंत सगळं सुरळीत चालतं. घोटाळा सुरीपाशी होतो : के-एन-आय-एफ-ई आणि उच्चार ‘नाइफ’. के कुठे गेला? गेला नाही, जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार होत असे. 1476 मध्ये कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, पुढे हळूहळू स्पेलिंग छापात बसत गेलं आणि लोकांच्या तोंडचे उच्चार मात्र बदलत राहिले. तो के म्हणजे कागदावर राहिलेला जुना उच्चार. पोरं आपली ‘कनौलेडगे’ असं घोकून ‘नॉलेज’चं स्पेलिंग पक्कं करतात. गंमत अशी की त्यातला ‘क’ पोरांचा बरोबर आणि साहेबाचा चूक, निदान सहाशे वर्षांपूर्वीच्या हिशेबानं.

‘डेट’ म्हणजे कर्ज. त्यातला बी तर कधीच कुणी उच्चारला नव्हता. मूळ लॅटिन शब्दात बी आहे म्हणून पंडितांनी तो मागाहून घातला. कर्ज एकदा घेतलं की त्यात न मागता काहीतरी वाढत जातं, हे सोसायटीच्या सभासदांना नव्यानं सांगायला नको.

शेवटच्या मुक्या ईचा नियम त्यातल्या त्यात बरा. तो स्वतः बोलत नाही, आधीच्या स्वराला लांबवतो : टी-यू-एन-ई, ट्यून. हाच नियम काटेकोर लावला तर पी-यू-एन-ई म्हणजे प्यून. अख्खं शहर एका फटक्यात शिपाई! (तरी तिथला कुणी हुकूम सोडायचा थांबणार नाही, ही गोष्ट वेगळी.) पूर्वीच्या ‘पूना’त ही भानगड नव्हती. 1870 च्या दशकात विल्यम हंटर यांनी इथली गावं इंग्रजीत उच्चाराप्रमाणे लिहायची पद्धत सरकारसाठी घालून दिली. पण सोबत सवलतही ठेवली : जी नावं इंग्रजीत आधीच रुळली आहेत ती तशीच राहू द्यावीत. पूना रुळलेलं होतं, ते 1978 पर्यंत टिकलं. म्हणजे लहान गावांना नियम आणि मोठ्या गावांना अपवाद.

इंग्रजी शब्दांचंही असंच आहे. वन, टू, वॉज, सेड, डज, पीपल. रोज तोंडात असणारे हेच शब्द नियमाला जुमानत नाहीत. जो वर्षातून एकदा भेटतो तो बिचारा बहुतेक वेळा नियमानं वागतो. अपवाद हे भाषेतले वतनदार आहेत. पिढ्यान्‌पिढ्या गावात आहेत म्हणून त्यांना कुणी सनद विचारत नाही. भोरकरांना हे पटायला हवं. पंतसचिवांचं संस्थान म्हणून भोर स्वतःच 1948 पर्यंत इंग्रजी मुलखाला लागून असलेला एक अपवाद होतं.

त्या भोरच्या नावाचाही इंग्रजीनं गोंधळ करून ठेवला. खंडाळ्याचा बोरघाट रेल्वेवाल्यांनी ‘भोर घाट’ असा लिहिला, वर शेवटी एक मुका ई चिकटवला. 1863 मध्ये तिथून गाडी सुरू झाली आणि तेव्हापासून इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं की भोरला रेल्वे आहे. भोरहून जाणारा घाट वरंध्याचा, आणि तिथे आजही आगगाडी नाही.

आपण फार हसू नये हेही खरं. ‘चार मण चारा’ हे मराठीत लिहिताना दोन्ही ‘च’ सारखेच, बोलताना वेगळे, आणि कुठला कसा म्हणायचा याची खूण अक्षरावर नाही. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहावा, असा नियम 1962 च्या शुद्धलेखनात आहे. त्याच्या पाठोपाठ ‘आणि’ हा अपवाद येतो. नियम जोडायला ज्या शब्दाची सगळ्यात जास्त गरज, तोच नेमका नियमाबाहेर!

वेल्ह्याचं तर इंग्रजीत कधी ठरलंच नाही. कुठे व्ही, कुठे डब्ल्यू. कुणी शेवटी ई लिहिला, कुणी ए. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, कारण आपला ‘व’ इंग्रजीतल्या त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि गावाला मराठीतही वेल्हे नि वेल्हा दोन्ही म्हणतात. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. व्ही-डब्ल्यूचा वाद त्यानं मिटला म्हणावं, तर आता ‘गड’ कसा लिहायचा हा प्रश्न आहे. हिंदीतला ‘गढ़’ इंग्रजीत जी-ए-आर-एच होतो, आपला ‘गड’ जी-ए-डी.

तेव्हा राजगडला निघालात तर फोनच्या नकाशात शेवटी नुसता डी टाका. आर-एच टाकलात तर तो तुम्हाला मध्य प्रदेशातल्या राजगढ जिल्ह्यात नेईल, आणि तिथून गुंजवण्याची एसटी सुटत नाही.