पिक्चर कसा वाटला? : केडगाव व पंचक्रोशीसाठी मतप्रदर्शनाची मार्गदर्शिका

केडगावच्या रहिवाशाला जन्मभर तीन प्रश्नांना तोंड द्यावे लागते. बायपासला जाम आहे का, आज नळाला पाणी येणार का आणि पिक्चर कसा वाटला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणालाच ठाऊक नसतात, म्हणून ती चुकली तरी कोणी मनावर घेत नाही. तिसऱ्याचे उत्तर मात्र गावातल्या प्रत्येकाकडे तयार असते आणि त्यावरून माणसाची पारख होते. नको त्या ठिकाणी नको ते मत दिल्याने साडूसाडूंत अबोला धरला गेला आहे आणि अख्ख्या टोळक्याच्या चहाचे पैसे एकट्याला भरावे लागले आहेत. असे प्रसंग टळावेत, या लोकहिताच्या हेतूने पुढील कलमे तयार केली आहेत.

कलम 1 : पात्रता

मत देण्यासाठी पिक्चर पाहिलेला असावा, अशी अट नाही. ट्रेलर, एखादे गाणे आणि मेव्हण्याने सांगून टाकलेला शेवट, यांपैकी दोन गोष्टी गाठीशी असल्या की उमेदवार पात्र समजावा. पाहून आलेला माणूस उलट अडखळतो, कारण त्याला पिक्चर आठवत असतो.

न पाहता दिलेल्या मताला कोणी कमी लेखू नये. ‘छावा’ 14 फेब्रुवारी 2025 रोजी लागला. ट्रेलर जानेवारीतच आला होता. त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि पिक्चर कोणीही पाहिलेला नसताना महाराष्ट्रभर इतकी मते पडली की दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो प्रसंगच काढून टाकला. रीतसर तिकीट काढून दिलेल्या मताने पडद्यावरची एक फ्रेम तरी कधी हलली आहे का, याचा विचार व्हावा.

कलम 2 : मताची वेळ

केडगाव महापालिकेच्या हद्दीत असले, तरी केडगावकर पिक्चरला ‘नगरला’ जातो. कागदोपत्री अहिल्यानगर झाले, तरी पिक्चरला जाताना नगरच. परतीच्या वाटेचे नियोजन असे करावे : गाडी स्टँडवरून काढताना ‘भारी होता राव’ एवढेच म्हणावे. कायनेटिक चौकापर्यंत मागे बसलेल्याचे मत काढून घ्यावे. अंबिकानगरच्या स्टॉपला पोहोचेपर्यंत तेच मत आपले म्हणून पक्के करावे. तिथून पुढे ओळखीची माणसे भेटू लागतात, त्यामुळे फेरविचाराला वाव नाही.

मत दोनच प्रकारचे असते : ‘लय भारी’ आणि ‘बंडल’. ‘तसा बरा आहे’ हे मत चलनात नाही. ते दिल्यास समोरचा लगेच विचारतो, “म्हणजे पाहायचा का नाय पाहायचा, ते सांग!” त्याला समीक्षा नको असते. चौघांचे तिकीट, पॉपकॉर्न आणि पार्किंग यांचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो आणि नुकसान झाले तर नाव घ्यायला त्याला एक माणूस हवा असतो. तो माणूस आपण आहोत, याचे भान ठेवावे.

काहीच सुचले नाही तर सर्वत्र चालणारे एक वाक्य पाठ असू द्यावे : “अर्धा तास कापायला पाहिजे होता.” ‘पुष्पा 2’ तीन तास वीस मिनिटांचा, ‘धुरंधर’ साडेतीन तासांच्याही पुढचा; त्यामुळे हे वाक्य कुठेही शोभून दिसते. नेमका कोणता अर्धा तास, हे सांगू नये. फारच ताणून धरले तर “मधला” म्हणावे. निर्माते मात्र या सूचनेला भीक घालत नाहीत. ‘पुष्पा 2’ लागून सव्वा महिना उलटल्यावर त्यांनी त्यात आणखी वीस मिनिटे घालून तो पुन्हा थिएटरात आणला होता.

कलम 3 : माणूस पाहून मत

(अ) सलून. इथे मतभेदाला जागा नाही. केशकर्तनकार मान मागे रेलवतो, वस्तरा कानाखालून गळ्याशी आणतो आणि नेमके तेव्हाच विचारतो, “दादा, पुष्पा आवडला का नाय?” आरशात त्याच्या मागे पुष्पाचे पोस्टर लावलेले असते. अशा वेळी मानही न हलवता, फक्त घशातून ‘हं’ काढावे. खरे मत असलेच तर ते तुरटी फिरवून होईपर्यंत राखून ठेवावे.

(आ) चहाची टपरी. इथे मत आवाजावर ठरते. सुरुवात “तुला कळलाच नाय” या वाक्याने करावी. कोणता पिक्चर चालला आहे, हे नंतर विचारता येते. दोघांचीही मते एकच निघाली तर वाद थांबवू नये, हिरो बदलून पुढे चालू ठेवावा.

(इ) घर. आई, मावशी आणि वहिनी एकत्र बसल्या असतील तर ‘रडू आले का’ हाच एकमेव निकष आहे, हे ध्यानात घ्यावे. 1991 च्या ‘माहेरची साडी’ने अलका कुबल यांच्या डोळ्यांतून जे पाणी काढले, त्याने दर्जाची रेघ इतकी वर नेऊन ठेवली आहे की तिथवर पोहोचायला आजच्या नायिकेला सासू, नणंद आणि पाऊस असे तिघे लागतात. 2023 मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आला, तेव्हा बायका साड्या नेसून, गजरे माळून, गटागटाने थिएटरात गेल्या. घरातल्या पुरुषांनी तेव्हा मत द्यायचे नव्हते, कुकर लावायचा होता. ज्यांना हे वेळेत कळले, त्यांचे संसार सुखाचे चालू आहेत.

(ई) दाजी. दाजींना पिक्चर आवडला असेल तर तो आपल्यालाही आवडतो. यावर अधिक स्पष्टीकरणाची गरज नसावी.

(उ) वडीलधारे. अण्णांनी ‘शोले’ काढला की वाद संपला. तो 1975 चा आहे, अण्णांनी तो आशा टॉकीज चौकाच्या आसपास कुठेतरी ब्लॅकने तिकीट काढून पाहिला आहे आणि त्या तिकिटाची किंमत दर वर्षी थोडी थोडी वाढत चालली आहे. ती निमूट ऐकून घ्यावी.

कलम 4 : व्हिलनचे माप

व्हिलनबद्दल बोलताना नगरकराला आपोआप जादा गुण मिळतात. सदाशिव अमरापूरकर नगरचे. ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी आणि ‘सडक’मधली महाराणी त्यांनी उभी केली. फिल्मफेअरने खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, तेव्हा तो पहिल्यांदा मिळाला महाराणीलाच. तेव्हा पडद्यावर कोणी कितीही डोळे वटारले, तरी “आपल्या अमरापूरकरांची सर नाय” असे म्हणून विषय मिटवावा. या विधानाला नगर जिल्ह्यात आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

अडचण अक्षय खन्नाने करून ठेवली आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये तो ‘छावा’त औरंगजेब होऊन आला, तेव्हा पोरांनी त्याला शेलक्या शिव्या दिल्या. त्याच वर्षी डिसेंबरात तो ‘धुरंधर’मध्ये रहमान डकैत होऊन आला आणि तीच पोरे हळदीच्या मांडवात डीजेपुढे हात पसरून त्याच्या एंट्रीची स्टेप करू लागली. मग एका माणसाबद्दल एका वर्षात दोन मते कशी, असे कोणी विचारलेच तर “ती ॲक्टिंग होती” हे उत्तर द्यावे. कोणती, ते सांगू नये.

कलम 5 : ‘तो आपलाच आहे’

मराठी पिक्चर गाजला की दिग्दर्शकाशी आपले नाते काय, हे पहिल्या तीन वाक्यांत आले पाहिजे. नागराज मंजुळे आणि ‘ख्वाडा’चे भाऊराव कऱ्हाडे हे दोघेही लाल टाकीजवळच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकले. म्हणून ज्याने कधी त्या कॉलेजच्या दारात गाडीचे पंक्चर काढले असेल, त्यानेही ‘आमच्या कॉलेजचा’ म्हणायला हरकत नाही. ‘आम्ही एका कट्ट्यावर बसायचो’ हे वाक्य मात्र जपून वापरावे. हे वाक्य म्हणणाऱ्यांची संख्या आता कट्ट्याच्या क्षमतेबाहेर गेली आहे.

कलम 6 : ऐतिहासिक पिक्चर

हे कलम दोनदा वाचावे. ऐतिहासिक पिक्चरबद्दल ‘पटकथा उत्तरार्धात ढिली पडते’ असे कधीही बोलू नये. ऐकणारा पटकथेचा विचार करत नाही, आपली निष्ठा मोजत असतो. पार्श्वसंगीत मोठे वाटले, तर कानात बोटे घालण्यापूर्वी आजूबाजूला पाहून घ्यावे.

माहिती मात्र नीट असावी. संभाजी महाराज 1689 मध्ये पकडले गेले ते कोकणातल्या संगमेश्वरला. आपल्या जिल्ह्यात आहे ते संगमनेर. हा घोळ टपरीवर हमखास होतो आणि तो दुरुस्त करणाऱ्याकडे गद्दारासारखे पाहिले जाते. तरीही दुरुस्त करावा. जिल्ह्याचा खरा संबंध त्याहून जवळचा आणि जड आहे. कैद झालेल्या महाराजांना औरंगजेबापुढे आणले, ते श्रीगोंदा तालुक्यातल्या पेडगावच्या बहादूरगडावर, भीमेच्या काठी. आणि मराठ्यांचे राज्य बुडवायला निघालेला तो बादशहा 1707 साली मेला तो इथेच, नगरजवळ भिंगारला. क्लायमॅक्सला हुंदके देणाऱ्या तरुणाला “मग गड पाहून आलास का?” असे विचारून पाहावे. तो वेड पांघरतो, पेडगावला मात्र जात नाही.

अतिउत्साहही आवरावा. मार्च 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ असिरगडच्या शिवारात लोक रात्री बॅटऱ्या आणि फावडी घेऊन मोगलांचे सोने शोधायला उतरले. खजिन्याची अफवा होती, तिला ‘छावा’ पाहिल्याचा जोर चढला होता. केडगावच्या प्रेक्षकाने पिक्चर पाहून आल्यावर तोंड चालवावे, फावडे चालवू नये. शेत दुसऱ्याचे असते.

कलम 7 : कोटींचा हिशेब

पिक्चरने किती कमावले, हे आपण गुंतवल्यासारखे सांगावे. दोनशेचे तिकीट काढणारा ‘पुष्पा 2’च्या दीड हजार कोटींबद्दल अशा समाधानाने बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावे, वाटणी अजून व्हायची आहे.

पिक्चरचा भाव कसा काढतात, हे नेप्तीच्या उपबाजारात कांदा नेणाऱ्याला वेगळे सांगायला नको. संध्याकाळी गावात जो भाव पसरतो तो खरा असतो, पण एखाद-दुसऱ्या वक्कलाचा असतो. बाकीचा माल निम्म्याने गेलेला असतो आणि गोल्टीचे, म्हणजे बारक्या कांद्याचे, तर कोणी नावही काढत नाही. पिक्चरचेही हेच. हिरोची एंट्री आणि इंटरव्हलची मारामारी हे एक नंबरचे वक्कल. मत देणारा त्याचाच भाव साऱ्या पिक्चरला लावतो. मधली दीड तासाची गोल्टी ज्याची त्याने घरी न्यायची असते.

कलम 8 : रडण्याविषयी

जुलै 2025 मध्ये ‘सैयारा’ पाहून कॉलेजची पोरेपोरी थिएटरात ढसाढसा रडली आणि रडताना एकमेकांचे व्हिडिओही काढले गेले. हे रडणे मत म्हणून ग्राह्य धरावे. डोळ्यात धूळ गेली, एसीने सर्दी झाली, ही कारणे चाळिशीपुढच्या पुरुषांसाठी राखीव आहेत.

या कलमाला एक अपवाद करावा लागतो. ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 ला लागला. ‘झिंगाट’ला लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण शेवटी ते लहान मूल घरात येते, रक्ताने भरलेली पावले उमटवत बाहेर पडते आणि आवाज पुरता बंद होतो. त्यानंतर जिन्यावरून उतरणाऱ्या गर्दीत कोणी कोणाला ‘कसा वाटला’ विचारत नव्हते. मघाशी नाचून घामाघूम झालेली पोरे चपला शोधत होती आणि एकमेकांकडे पाहायचे टाळत होती. त्यातल्या पुष्कळांच्या घरात, भावकीत, आडनावात तो पिक्चर चालूच होता. त्या दिवशी मत देता येत नव्हते, कारण दिले असते तर ते पिक्चरबद्दल राहिले नसते. पुढे आठवडाभरात ‘गाणी लय भारी’ हे मत सर्वानुमते ठरले आणि गाव पुन्हा बोलू लागले.

कलम 9 : स्वतःचे मत

आता सर्वांत जोखमीचा प्रकार. कधी कधी सगळ्या गावाला आवडलेला पिक्चर पाहताना माणसाला मनापासून कंटाळा येतो, किंवा सगळ्यांनी बंडल ठरवलेला पिक्चर त्याला रात्रभर झोपू देत नाही. हे त्याचे स्वतःचे मत होय. ते झाल्याची लक्षणे : माणूस परतताना गाडी सावकाश चालवतो, मागच्याचे ऐकत नाही आणि ‘भारी’ म्हणायला तोंड उघडून ‘काय माहीत’ म्हणतो. असे मत चारचौघांत काढू नये. ते अशा एकाच माणसाला सांगावे, जो दुसऱ्या दिवशीही आपल्याबरोबर चहा घेईल. असा माणूस नसेल तर आधी तो शोधावा. पिक्चर काय, दर शुक्रवारी लागतात.

कलम 10 : मौन

केडगावहून दौंड रस्त्याने थोडे पुढे गेले की अरणगाव लागते. तिथले आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा 1932 साली थेट हॉलिवूडला जाऊन आले. मेरी पिकफोर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या त्या काळच्या सर्वांत मोठ्या नटनटीने आपल्या बंगल्यावर त्यांचे स्वागत केले. आपल्या पंचक्रोशीतून हॉलिवूडच्या इतक्या जवळ दुसरे कोणी गेल्याचे ऐकिवात नाही. आणि तेव्हा बाबांचे मौन चालू होते. 1925 च्या जुलैत धरलेले ते मौन त्यांनी 1969 मध्ये देह ठेवेपर्यंत सोडले नाही. हॉलिवूडच्या त्या भेटीत काही सांगायचे झाले तर अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून सांगत.

सामान्य प्रेक्षकाकडून चव्वेचाळीस वर्षांची अपेक्षा नाही. त्याने निदान इंटरव्हलपर्यंत गप्प बसावे आणि पुढच्या रांगेतल्यांना शेवट सांगू नये.