बिघाड नव्हे, डिफर!

विमानात माझ्या सीटची पाठ मागे जाईना. कडेला चिकटवलेली चिठ्ठी होती: ‘इनऑप’. आपण त्याला सरळ मोडलंय म्हणतो. पण विमानाच्या जगात असल्या वस्तू मोडत नाहीत, ‘डिफर’ होतात, म्हणजे त्यांची दुरुस्ती पुढे ढकलली जाते. त्यासाठी ‘मिनिमम इक्विपमेंट लिस्ट’ असते. नाव ऐकून वाटतं, किमान काय काय हवं याची यादी असेल. असते ती काय काय बंद असलं तरी उडता येईल याची, आणि तीही नियामकाने मंजूर केलेली! दुरुस्तीची मुदतसुद्धा गटवार ठरलेली: बी गटाला 3 दिवस, सीला 10, डीला 120. बिघाड सापडला तो दिवस मोजायचाच नाही. आमच्या मोरीतला नळ दोन वर्षं गळतोय, तो डी गटातला असणार.

उडताच येत नसेल, तर ते विमान ‘एओजी’, म्हणजे जमिनीवरचं विमान. उभी असलेली बाकीची विमानं काय झाडावर असतात? प्रवाशाला मात्र एवढंच सांगतात, ‘तांत्रिक कारण’.

भिऊ नका. उड्डाणाला आवश्यक असलेली जी वस्तू यादीत नाही, ती चालू असावीच लागते. पंख त्या यादीत नाहीत.