वीस किलोचं बाळ

मूल चालायला लागलं की बाबागाडीचं काम संपलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी चालतं मूल घेऊन एक दिवस इमॅजिका पार्कात फिरून बघावं. न चालणारं मूल त्या मानाने सोपं. ते ठेवलं तिथे असतं. चालणारं मूल दुपारी तीनपर्यंत नुसतं धावतं, आणि तीन वाजून एक मिनिटाने भर रस्त्यात बसकण मारून दोन्ही हात वर करतं. त्या हातांचा अर्थ महाराष्ट्रातल्या कुठल्याही आईला सांगावा लागत नाही.

आमचे चिरंजीव साडेपाच वर्षांचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलाचं मध्यम वजन 18.3 किलो आणि सहा वर्षांच्या मुलाचं 20.5 किलो दिलंय. चिरंजीव सहाच्या बाजूला झुकलेले, म्हणजे वीस किलो धरा. वीस किलो म्हणजे किती, हे आम्हा पनवेलजवळच्या करंजाडेकरांना वजनकाट्यावर बघावं लागत नाही, कारण पाण्याचा जार तेवढाच भरतो. पण जार जिना चढताना "मला टबी हत्तीकडे परत जायचंय" म्हणून लाथा झाडत नाही, आणि मध्येच झोपून दुप्पट जडही होत नाही.

करंजाड्याहून इमॅजिका तशी जवळ. पळस्पे फाट्यावरून खोपोलीची वाट धरायची, मागच्या सीटवरून "आलं का?" सुरू झालं की थोडं दुर्लक्ष करायचं, मग खोपोली येते आणि पुढे पालीच्या रस्त्याला पार्क. 2013 साली ते सुरू झालं, त्यानंतर लगेचच आमच्या ऑफिसची सहल तिथे गेली होती. तेव्हा पार्क एवढंसं वाटलं होतं. जागा तेवढीच राहते, पण मूल झालं की तिची लांबी वाढते.

आमच्या लहानपणी गोराईचं एस्सेलवर्ल्ड होतं, 1989 सालचं. होडीने खाडी ओलांडून जायचं आणि परतीच्या होडीत बाबांच्या खांद्यावर झोपायचं. बाबा तेव्हा ऐन तिशीत होते. आमच्या पिढीत लग्न उशिरा आणि मूल त्याहून उशिरा, त्यामुळे चिरंजिवांच्या वाट्याला आलेला खांदा बेचाळीस वर्षांचा आहे, आखडलेला आहे आणि फिजिओथेरपी घेतोय. माझ्या मनगटाबद्दल मी बोलत नाही. बोलले तर "मोबाइल कमी वापर" असं ऐकावं लागतं.

तेव्हा यंदा इमॅजिकाला जाताना बाबागाडी न्यायची, असं मी जेवताना जाहीर केलं.

"एवढ्या घोड्याला गाडी?" सासूबाईंचा घास हातातच राहिला. "अगं, याचा बाबा पाच वर्षांचा असताना आळंदी ते पुणे वारीत चालला होता माझ्याबरोबर."

हा दाखला आमच्या घरात चिरंजिवांच्या जन्मापासून चालू आहे. नशिबाने त्याच आठवड्यात आत्याबाईंचा फोन आला आणि मी सहज विषय काढला. "चालला कसला!" आत्याबाई म्हणाल्या. "दिघीपर्यंत चालला. तिथून पुढे तुझ्या मामेसासऱ्यांच्या खांद्यावर. ते बिचारे आठवडाभर मान वाकडी करून हिंडत होते." फोन स्पीकरवर होता. सासूबाई एकदम देवाच्या खोलीत दिवा लावायला गेल्या, दुपारी.

बाबागाडी विकत घेण्याआधी कुणाची वापरून बघावी म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "कुणाकडे स्ट्रोलर आहे का? काही दिवसांसाठी हवी होती." पहिलं उत्तर आलं, "अभिनंदन!" मग फुलं, मग पाळणा, मग लाडवांची पाककृती. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर वर येऊन "कितवा?" असं हळूच विचारलं. साडेपाच वर्षांपूर्वीचाच, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी ताबडतोब उपदेश सुरू केला, की मुलांना चालायची सवय हवी बाई. या काकूंचा नातू चौथीत आहे. रोज सकाळी त्याचं दप्तर, डबा आणि पाण्याची बाटली शाळेच्या बसपर्यंत काकू वाहून नेतात. तो मागून हात खिशात घालून येतो.

मला याचंच आश्चर्य वाटतं. साडेपाच वर्षांचा मुलगा कडेवर चालतो, खांद्यावर चालतो, स्कूटरवर पुढे उभा चालतो. डीमार्टच्या ट्रॉलीत साबण आणि डाळींच्या मध्ये मांडी घालून बसला तरी लोक कौतुकाने हसतात. माथेरान आमच्या इथून डोळ्यांना दिसतं. तिथे धडधाकट, चांगली मिशी असलेली माणसं वर्षानुवर्षं हातरिक्षात बसत आली आणि दुसरी माणसं धापा टाकत ती ओढत आली. शेवटी 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की हे सहा महिन्यांत बंद करा आणि ई-रिक्षा आणा. घारापुरीला डोलीत बसून लेणी बघायला जाणाऱ्यांनाही कुणी "एवढे मोठे झालात" म्हणत नाही. चाकं लावलेल्या चार नळ्यांवर आपलं स्वतःचं मूल बसवून आपण स्वतः ढकललं, की मात्र मुलाच्या भवितव्याची काळजी वाटू लागते.

न्यू जर्सीतल्या माझ्या दिरांना या प्रश्नात प्रश्नच दिसेना. "वहिनी, इथे सात-सात वर्षांची पोरं बसतात, कुणी ढुंकून बघत नाही," ते व्हिडिओ कॉलवर म्हणाले. ते दोन वेळा ऑर्लँडोला जाऊन आलेले, म्हणजे आमच्या घराण्याचे अधिकृत डिस्नेतज्ज्ञ. तिथल्या एपकॉट नावाच्या पार्कात तळ्याभोवतीचा एक फेराच जवळजवळ दोन किलोमीटरचा आहे. शिवाय तिथे बाबागाड्या इतक्या झाल्या, की 1 मे 2019पासून अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांनी नियम केला: 31 इंचांहून रुंद किंवा 52 इंचांहून लांब गाडी आत आणायची नाही, आणि मुलांना बसवून ओढायचे ते चारचाकी गाडे तर अजिबात नाहीत. नवऱ्याने लगेच टेप काढून 31 इंच मोजले. आमच्या बाथरूमचं दार त्याहून अरुंद निघालं. डिस्नेच्या नियमात बसणारी गाडीसुद्धा आमच्या घरात बसत नाही, हे त्या दिवशी कळलं.

दिरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. काही मुलांना दमा असतो, काहींना गर्दीचा आणि आवाजाचा त्रास होतो, काहींच्या पायात ताकद कमी असते. अशा मुलाच्या गाडीला तिथे एक खूणचिठ्ठी लावून देतात, मग ती रांगेतसुद्धा व्हीलचेअरसारखी नेता येते. मोठं मूल गाडीत का बसलंय, हे बघणाऱ्याला कळत नसतं. तेव्हा बघणाऱ्याने समोर बघून चालावं हे बरं.

ग्रुपवरच्या आवाहनाला शेवटी फळ आलं. आमच्या इमारतीत किती बाबागाड्या आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. मुलं उतरली, पण गाड्या निवृत्त झाल्या नव्हत्या. एकीत कांदे-बटाटे होते. एकीत तुळस होती आणि तिला ऊन दाखवायला सकाळ-संध्याकाळ बाल्कनीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवत होते. एक गाडी रोज गिरणीत दळण घेऊन जाणारी, तिच्या सीटवर पिठाचा पांढरा थर. शेवटी तीच मिळाली, कारण तिची चाकं चालू होती.

चिरंजिवांना थेट बसवायची हिंमत होईना, म्हणून नवऱ्याने आधी वीस लिटरचा भरलेला जार बसवला आणि त्याला पट्टा लावला. करंजाड्यातले सिडकोचे रस्ते कागदावर सरळ आहेत. प्रत्यक्षात पेव्हर ब्लॉक, मग खडी, मग कुणीतरी नुकतंच खणलेलं, मग गतिरोधक. कोपऱ्यापर्यंत जाईतो गाडीचं पुढचं डावं चाक थरथरू लागलं आणि हँडल किरकिरायला लागलं. वॉचमनकाका खुर्चीतून उठून बघत होते. पट्टा लावून फिरायला निघालेला जार त्यांनी बहुधा नोकरीत पहिल्यांदाच पाहिला. गाडी उलटी करून बघितली तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं: कमाल वजन 15 किलो.

गोम इथे आहे. दुकानात मांडलेल्या बऱ्याच गाड्या पंधरा किलोपर्यंतच्याच असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्याच तक्त्यानुसार चार वर्षांचा मुलगा सरासरी 16 किलोच्या पुढे गेलेला असतो. युरोपच्या मानकात 15 ते 22 किलोच्या मुलांच्या गाड्यांसाठी वेगळा भागच आहे. दुकानदार मात्र हे आपण होऊन सांगत नाही. तो कप-होल्डर दाखवतो. एका दुकानात तर मला "मॅडम, हिला संगीत आहे" असं सांगण्यात आलं. साडेपाच वर्षांच्या मुलासोबत फिरताना संगीताची टंचाई आहे असं मला कधी वाटलं नाही.

वजनानंतर उंची. चिरंजीव एकीत बसले तर डोकं टपाला लागलं, दुसरीत बसले तर पाय जमिनीला लागले. तिसरीत दोन्ही झालं आणि ते खाटेत अडकलेल्या पाहुण्यासारखे दिसायला लागले. म्हणून मोठ्या मुलासाठी गाडी घेताना पाठ उंच हवी, टप वर सरकणारं हवं, पाय टेकायची पट्टी खाली हवी. चाकं जितकी मोठी तितकं आपल्या रस्त्यांवर बरं, पण चाकं मोठी की गाडी जड, आणि ती मिटून डिकीत टाकायचं काम आखडलेल्या खांद्याकडे. बाकी रंग, कप-होल्डर, संगीत यांकडे लक्ष देऊ नये.

आम्ही अखेर छत्रीसारखी मिटणारी घेतली, 22 किलोपर्यंतचं मूल पेलणारी. या प्रकारच्या गाडीची कुळकथा मला फार आवडते. ओवेन मॅक्लॅरेन नावाचे ब्रिटिश विमान अभियंते होते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केलं होतं. पुढे मुलगी नातवंड घेऊन भेटायला आली, तिची ती अवजड गाडी बघून आजोबा बसले विचार करत, आणि 1965 साली त्यांनी हलक्या ॲल्युमिनियमच्या, मिटणाऱ्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. 25 डिसेंबर 2025पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत, तेव्हा आता आमच्या गच्चीवर उभं राहिलं की आकाशात चढणारं विमान चाकं पोटात घेताना दिसतं. चिरंजीव ते बघून म्हणाले, "आई, विमानाला जमतं, बाबाला का नाही जमत?" बाबा तेव्हा खाली पार्किंगमध्ये गाडी मिटवत होते. एक कळ पायाने दाबायची आणि दुसरी हाताने ओढायची असते. बाबा दोन्ही पायाने करत होते.

आता प्रत्यक्ष इमॅजिका. तिथे प्रत्येक राइडपाशी उंची मोजायची पट्टी असते. पट्टीखाली चिरंजीव टाचा उंचावून, मान ताणून, केस वर करून उभे. "मी मोठा आहे, मला नायट्रोत बसायचंय." नायट्रो या रोलरकोस्टरने अर्थातच त्यांना घेतलं नाही. तिथून दहा पावलांवर आले आणि "मी लहान आहे ना, मला गाडीत बसव." दिवसभर हेच. पट्टीखाली मोठा, सावलीत लहान. टबीच्या पाळण्यापाशी पुन्हा मोठा, कारण तिथे त्याच्याहून लहान मुलं होती.

आणि खरं सांगायचं तर गाडीत तो फारसा बसलाच नाही. सकाळभर गाडीत बसल्या त्या पाण्याच्या बाटल्या, टोप्या, दशम्या, चिवडा, छत्री आणि सासूबाईंची पिशवी. दुपारी तीन वाजता, अगदी ठरल्या वेळी, दोन हात वर आले. सामान आमच्या खांद्यावर गेलं आणि चिरंजीव गाडीत. पाच मिनिटांत झोपले. झोपलेल्या मुलाला ढकलत आम्ही दोघांनी लग्नानंतर प्रथमच एका पार्कात निवांत चहा प्यायला. सासूबाई शेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना न विचारता सांगत होत्या, "ताप येऊन गेलाय त्याला." ताप वगैरे काही आलेला नव्हता.

पाली त्याच रस्त्यावर पुढे असल्यामुळे परतण्याआधी बल्लाळेश्वराचं दर्शन ठरलेलंच होतं. बल्लाळ या बालभक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा गणपती, म्हणून नातवाला घेऊन जायलाच हवं असा सासूबाईंचा आग्रह. तिथे पोचल्यावर नातू टुणकन उठला आणि देवळाकडे धावत सुटला. सासूबाईंचे गुडघे मात्र दिवसभराने बोलायला लागले होते. त्यांनी रिकाम्या गाडीकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "याच्यात मोठ्यांची येते का गं?"

येते, तिला व्हीलचेअर म्हणतात, आणि पार्कात मिळते का हे निघण्याआधी फोन करून विचारावं. बाबागाडीचंही तसंच आधी विचारावं. विकतच घ्यायची असेल, तर दुकानदाराने दाखवलेला कप-होल्डर बाजूला सारून गाडी उलटी करा आणि खालचा किलोचा आकडा वाचा. घ्यायची नसेल तर आमची पावसाळ्यापर्यंत रिकामीच आहे, घेऊन जा. तिच्यातून दळण मात्र आणू नका.