नवख्याच्या हाती सुकाणू

मालवणच्या समुद्राला एक जुनाट खोड आहे. बोटीवर नवीन आलेल्या पोराला इथे कोणी सुकाणाला हात लावू देत नाही. त्याने आधी पाणी उपसायचं, मासळी निवडायची, खलाशांचा भात शिजवायचा. अशी काही वर्षं गेली की एखाद्या पहाटे तांडेल त्याला विचारतो, वारो खयसून येता रे? उत्तर चुकलं की पुन्हा भात. अशा मागास किनाऱ्यावर कधीतरी नवा विचार यायलाच हवा होता. तो मालवणातल्याच राजकोट किल्ल्यावर आला.

तिथे छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा उभारायचा होता. आपल्या राज्यात, धुळ्याकडच्या गोंदूर गावात जन्मलेले राम सुतार नावाचे एक शिल्पकार होते. नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्यांचा. म्हणजे माणूस अनुभवाने पार पोखरलेला. काम गेलं कल्याणच्या पंचविशीतल्या एका शिल्पकाराकडे, ज्याने एवढ्या मापाचा पुतळा पूर्वी केलेला नव्हता. पाटी कोरी असली की त्यावर काहीही लिहिता येतं, आणि हात लागला की पुसलंही जातं.

अनुभवी माणसाचा मोठा दोष म्हणजे तो प्रश्न विचारतो. खारी हवा किती, लोखंड कुठलं, पावसाळ्यात इथे काय होतं? प्रश्नांना वेळ लागतो, आणि ४ डिसेंबरचा नौदल दिन काही भरती-ओहोटी बघून पुढे सरकत नाही. २०२३ साली तो ठरल्या दिवशी आला. पंतप्रधान आले, अनावरण झालं. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती ६ फुटी मातीच्या नमुन्याला. पुतळा ३५ फुटी होणार हे आपल्याला कळवलंच नव्हतं, असं संचालकांनी नंतर सांगितलं. मान्यतेनंतर २९ फूट उंची! वाढीचं वय असतं एकेकाचं.

२० ऑगस्ट २०२४ रोजी, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सार्वजनिक बांधकाम खात्याने पुतळा उभारणाऱ्या नौदलाला पत्र लिहिलं की त्याचे नटबोल्ट गंजलेत. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं हे या गावात होडीचा नांगर ओढणाऱ्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण ते तोंडी ठाऊक आहे, कागदावर यायला पावसाळा जावा लागतो. २६ ऑगस्टला, गोकुळाष्टमीच्या दिवशी, पुतळा कोसळला. आठ महिने बावीस दिवस. त्या दिवसावर विनोद नको.

सांगितलेलं कारण मात्र ऐकण्यासारखं होतं : वारा, ताशी ४५ किलोमीटर. ऑगस्टात मालवणात वारा सुटतो ही बातमी खरोखरच नवी होती. समोर पाण्यात सिंधुदुर्ग १६६७ पासून हाच वारा खात उभा आहे, पण तो बांधणाऱ्यांनी तीन वर्षं घालवली आणि पायात शिसं ओतलं असं सांगतात. एवढी सवड काढणाऱ्यांशी तुलना करणं नवख्यावर अन्याय आहे.

पुढे सरकारने धोरण बदललं आणि थेट दुसऱ्या टोकाला गेलं. नवा ६० फुटी पुतळा सोपवला राम सुतारांच्याच संस्थेकडे, तेव्हा ते शंभरीला टेकले होते. ११ मे २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांनी त्याचं लोकार्पण केलं. पंचवीस आणि शंभर यांच्या मधल्या वयाची माणसं महाराष्ट्रात तेव्हा काय करत होती, याचीही एकदा चौकशी व्हावी.

मी स्वतः मात्र पहिल्याच विचाराचा. माझा चुलतभाचा यंदा प्रथमच ट्रॉलरवर गेला. दोन दिवस ओकत होता, तिसऱ्या दिवशी त्याला मालवणचं बंदर आणि देवगडचं बंदर यांत फरक कळेना. पाटी कोरी, उत्साह दांडगा. त्याला तांडेल करावं अशी शिफारस मी मालकाकडे केली. मालकाने माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि पोराच्या हातात कांद्यांची टोपली दिली.