‘टू’ची ओळ

बाहेर जाणाऱ्या मेलवर कंपनीने पहारेकरी सॉफ्टवेअर बसवलं. पाच अक्षरं, चार आकडे, पुन्हा एक अक्षर दिसलं की ते बोंबलतं: पॅन नंबर! मेल अडतो. मग साहेब तीच फाइल झिप करून पासवर्ड लावतात आणि पासवर्ड लगेच दुसऱ्या मेलने धाडतात. नाहीतर स्क्रीनचा फोटो काढायला मोबाइल आहेच.

पण माहिती फुटायला एवढ्या युक्त्याही लागत नाहीत. २०१४ मध्ये ब्रिस्बेनच्या जी-२० परिषदेआधी ओबामा, मोदींसह ३१ नेत्यांचे पासपोर्ट नंबर ऑस्ट्रेलियाच्या इमिग्रेशन खात्यातून आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या आयोजन समितीतल्या एकाला गेले. हॅकर वगैरे कुणी नव्हता. आउटलुकने पत्ता आपोआप भरला, कर्मचाऱ्याने तो वाचला नाही. नेत्यांना कळवायची गरज नाही, असं खात्याचं मत पडलं! आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात असल्या ढिलाईला २५० कोटींपर्यंत दंड आहे. तेव्हा ‘सेंड’ दाबण्याआधी ‘टू’ची ओळ वाचा, तेवढं अजून फुकट आहे.